गिऱ्हाइकाचे गळपट्टे

चटका काकूंचं खरं नाव मतदारयादीत तेवढं होतं. एरवी अख्खा वॉर्ड त्यांना चटका काकूच म्हणायचा, आणि त्याला दोन कारणं होती. एक कारण त्यांच्या उजव्या मनगटावर होतं, जुन्या इस्त्रीने उमटवलेलं, त्रिकोणी. दुसरं त्यांच्या तोंडात होतं, आणि ते रोज ताजं असायचं.

त्यांचं दुकान म्हणजे एका तीनमजली इमारतीच्या जिन्याखालची खोली. आत एक लांब टेबल, त्यावर चार पदरी ब्लँकेट, त्यावर जुनी चादर, भिंतीला फळ्या आणि फळ्यांवर गठ्ठे. टेबलाला खुर्ची नव्हती. बसून इस्त्री करणारा माणूस कपडा जाळतोच, असं काकूंचं ठाम मत असल्यामुळे सव्वीस वर्षं त्या उभ्याच होत्या. मागचं दार उघडलं की पालिकेचं धुण्याचं आवार. अकरा दगड, दोन हौद, आठ दोऱ्या. नऊ बायका तिकडे धुवायच्या, काकू इकडे इस्त्री करायच्या, आणि निम्म्या वॉर्डाचे कपडे या दहाजणींच्या हातांखालून जायचे. काकूंची मुलगी नर्स झाली ती या आवाराच्या पाण्यावर. बाकी नऊ घरांतही काही ना काही असंच उभं राहिलेलं होतं.

प्रत्येक घराच्या कपड्याला कॉलरच्या आत काकूंच्या हातचा एक टाका असायचा. लाल दुहेरी गाठ म्हणजे शाळेतल्या बाईंचं घर, निळा आडवा टाका म्हणजे कंपाउंडरचं. चारशे घरांच्या खुणा, आणि एकही कुठे लिहिलेली नाही. लिहिलेल्या होत्या त्या भिंतीवरच्या दोन ओळी, काळ्या रंगात: ‘आधी येईल त्याचं आधी.’ ‘गठ्ठ्यातला सुटा कपडा मिळणार नाही.’ लग्नाला निघालेला नवरदेव एकटी पँट मागत दारात नाचला होता, तरी काकूंनी त्याला गठ्ठा पुरा होईपर्यंत थांबवलं होतं. लग्न व्यवस्थित पार पडलं.

तिसरा नियम भिंतीवर नव्हता, कारण तो काकूंना फटका खाऊन कळला होता. दुकान काढलं त्या वर्षीची गोष्ट. एका बाईंनी फळीवरचा रेशमी शर्ट बघून विचारलं, “छान आहे हो, कुणाचा?” काकूंनी भोळेपणाने सांगितलं. तो शर्ट त्या बाईंनीच नवऱ्याला वाढदिवसाला दिलेला होता. नवरा म्हणाला होता हरवला, आणि त्याने तो गुपचूप धाकट्या भावाला देऊन टाकला होता. दोन जावांमध्ये सहा महिने अबोला, आणि दोघींचे कपडे दुसऱ्या दुकानात. तेव्हापासून कुणी कितीही खोदून विचारलं तरी काकूंचं उत्तर एकच. “गिऱ्हाइकाचा.”

आता त्या वॉर्डाचे नगरसेवक. चार वेळा निवडून आलेले, आणि लोक त्यांना बाकसाहेब म्हणायचे, कारण वीस वर्षांत त्यांनी वॉर्डात सात बाकं बसवली होती. लोखंडी. प्रत्येकावर सौजन्य म्हणून त्यांचं नाव, आणि प्रत्येक बाक नेमकं उन्हात. दुपारी त्यावर बसलेला माणूस साहेबांचं नाव घेतच उठायचा. शहरात पक्ष दोनच, एक शिडीवाल्यांचा आणि एक छत्रीवाल्यांचा. साहेब पहिल्यांदा छत्रीकडून निवडून आले, मग शिडीकडून, मग पुन्हा छत्री, मग पुन्हा शिडी. वारा येईल तशी पाठ फिरवायची आणि प्रत्येक वेळी बरोबर फिरवायची, हे येरागबाळ्याचं काम नव्हे. लोकांना त्यांच्या नाकाचं कौतुक वाटायचं. काकूंना मात्र माहीत होतं की साहेबांचं नाक आवारातल्या दोऱ्यांवर वाळत असतं.

ते असं. निवडणूक आली की दोन्ही पक्ष गळपट्टे वाटायचे. लोक ते गळ्यात घालून मिरवायचे, घामाने खराब झाले की धुवायला टाकायचे. साहेब सकाळी फिरायच्या निमित्ताने आवारात यायचे, बायकांची चौकशी करायचे आणि बोलता बोलता दोऱ्यांवरचे गळपट्टे मोजायचे. शिडीचे जास्त, तर साहेब शिडीत. छत्रीचे जास्त, तर साहेब छत्रीत. वॉर्डाची नाडी फुकटात कळत होती.

आणि पुढची निवडणूक महिन्यावर आलेली असताना, ज्या फांदीवर बसले तीच या माणसाने तोडायला घेतली.

ही बातमी काकूंना पालिकेच्या शिपायाने दिली. त्याचे दोन गणवेश दर शनिवारी काकूंकडे यायचे. त्या शनिवारी तो गणवेश घेऊनही दारात घुटमळत राहिला.

“काकू, तुमचं आवार जातंय. तिथे गाड्या लावायची जागा करणार. ठराव झालासुद्धा.”

“कधी?”

“मंगळवारी. आणि रागावू नका, पण पहिला हात आपल्याच साहेबांनी वर केला. मीच चहा देत होतो.”

काकूंनी हातातली इस्त्री उभी करून ठेवली. समोर साहेबांचेच आठ पांढरे शर्ट होते, जमिनीवर ठेवले तर आपल्या पायांनी चालत जातील इतके कडक. काकू तशाच बाहेर पडल्या. साहेब कोपऱ्यावरच्या बाकावर, सकाळची वेळ म्हणून, बसलेले सापडले.

“साहेब, आवार का जातंय?”

“अहो काकू, शहर वाढतंय. गाड्या वाढल्या. आणि मी आहे ना! तुमची काहीतरी दुसरीकडे सोय बघू.”

“कुठे?”

“बघू म्हटलं ना.”

“आमच्या दहा घरांचं पोट आहे ते. तुम्ही हात वर करण्याआधी एकदा विचारायचं तरी.”

साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. ऐकणारं कुणी नाही हे बघून ते हसले. “काकू, स्पष्टच सांगतो. तुम्ही दहा बायका. दहा मतं. दहा मतांवर मी काय करू?”

ते चुकीचं बोलले नव्हते, आणि म्हणूनच काकूंना ते जास्त लागलं. सव्वीस वर्षं या माणसाची कॉलर त्यांनी ताठ ठेवली होती. परत येताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाही त्यांना राग आला.

घरी नवरा भाजी निवडत होता. तो निवृत्त बसचालक. आयुष्यभर थांबे पाळल्यामुळे त्याला कशाचीच घाई नसे.

“मी निवडणुकीला उभी राहतेय,” काकू म्हणाल्या.

त्याने एक शेंग मोडली. “सव्वीस वर्षं उभीच आहेस. त्यात नवीन काय?”

“थट्टा नाही करत मी.”

“मीही नाही. फॉर्म कुठे मिळतो ते विचारून येऊ?”

दुसऱ्या दिवशी काकूंनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. चिन्ह म्हणून इस्त्री मागितली. यादीत इस्त्री नव्हती, बादली होती. “असू दे,” काकू म्हणाल्या, “घरोघर आहे.” वॉर्डात दोन दिवस हसण्याला ऊत आला. चौथ्या दगडावरची मावशी जन्माची शिडीवाली. तिने काकूंना तोंडावर सांगितलं, “तुझं काम चोख आहे गं, पण मत शिडीलाच.” काकूंनी तिला नुसतं “बरं” म्हटलं. पाण्यात राहून माशाशी वैर किती घ्यायचं याचा त्यांना अंदाज होता.

अर्ज भरायला तीन दिवस उरले होते तेव्हा छत्रीवाले मास्तर दोन हातगाड्या घेऊन दुकानात आले. मास्तर म्हणजे शाळेतले निवृत्त चित्रकलाशिक्षक, पंधरा वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचललेले. यंदा तिकीट त्यांनाच, असं वरून सांगितलं होतं. त्या आनंदात त्यांनी तीनशे गळपट्टे छापून घेतले होते, आणि रंग कच्चा निघाला होता. ज्याने पहिला गळ्यात घातला त्याची पांढरी कॉलर निळी झाली होती.

“काकू, तुम्ही माझ्याविरुद्ध उभ्या आहात हे ठाऊक आहे मला,” मास्तर ओशाळून म्हणाले. “पण काम तुमच्यासारखं दुसरीकडे होत नाही.”

“काम वेगळं, निवडणूक वेगळी. मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवू, मग धुऊन, वाळवून, इस्त्री. परवा न्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आठही दोऱ्यांवर छत्र्याच छत्र्या फडफडत होत्या. रोजचे कपडे वाळत घालायलाही जागा नव्हती. आणि बाकसाहेब नेमाने फिरायला आले.

आवाराच्या दारातच त्यांचे पाय थांबले. त्यांनी एक दोरी मोजली, दुसरी मोजली, तिसरीला सोडून दिलं. शिडीचा एकही गळपट्टा नाही. घाम पुसत ते काकूंच्या मागच्या दाराशी आले.

“काकू, एवढे सगळे... कुणाचे हो हे?”

काकूंनी इस्त्री फिरवतच उत्तर दिलं. “गिऱ्हाइकाचे.”

“म्हणजे आपल्याच वॉर्डातल्यांचे?”

“साहेब, कुणाचा कपडा ते मी सांगत नाही. तुमचे कुणी विचारले तर तुमचेही सांगणार नाही.”

साहेबांनी एक गळपट्टा हातात घेऊन पाहिला असता तरी कळलं असतं. कडा कोऱ्या, घामाचा डाग नाही, पिनेचं भोक नाही. पण चार वेळा निवडून आलेला माणूस कापडाकडे बघत नाही, आकड्याकडे बघतो. त्यांनी मान डोलावली, कपाळावर हात फिरवला आणि जवळजवळ पळतच गेले.

दुसऱ्या दिवशी, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी, साहेब छत्री पक्षात दाखल झाले. छत्रीवाल्यांना घरबसल्या चार वेळचा नगरसेवक मिळाला. त्यांनी मास्तरांचं तिकीट काढून साहेबांच्या हातात ठेवलं. तिकडे शिडीवाल्यांची धावपळ उडाली. ऐनवेळी कुणी सापडेना, म्हणून कुणाचा तरी भाचा उभा केला. वॉर्ड कुठून सुरू होतो हे त्याला दाखवायला माणूस लागत होता.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, “खरं सांगायचं होतंस ना त्याला? वाचला असता.”

“माझ्या तोंडून गिऱ्हाइकाचं नाव निघत नाही. कुणी बुडो की तरो,” काकू म्हणाल्या. “आणि मला काय ठाऊक तो एवढी लांब उडी मारेल!” असं म्हणून त्या जे हसायला लागल्या ते पदर तोंडाशी धरूनही थांबेनात.

मास्तर ठरल्या दिवशी आले. चेहरा पार उतरलेला.

“गळपट्टे तयार आहेत,” काकू म्हणाल्या.

“राहू देत तुमच्याकडेच. घालायला गळा कुठाय आता?” त्यांनी फळीवरच्या त्या भल्याथोरल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. “काकू, तुमच्या प्रचाराचे फलक कोण रंगवतंय?”

“कुणीच नाही. आमच्याकडे फलक कुठले?”

“मग माझा ब्रश तेवढा रिकामा आहे.”

आणि मास्तरांनी बादल्या रंगवल्या. अशा बादल्या की पाणी हलतंय असं वाटावं. चौथ्या दगडावरच्या मावशीनेही त्याच दिवशी पीळ घालता घालता जाहीर केलं, “वीस वर्षं शिडी धरून उभी राहिले मी. साहेब चढून पलीकडे उतरले आणि शिडी माझ्या डोक्यात. बास झालं. बादली कुठेय?”

काकूंनी सभा घेतली नाही. त्यांनी एवढंच केलं की पंधरा दिवस गठ्ठे स्वतः घरोघर पोचवले. दार उघडलं की हातात गठ्ठा द्यायचा आणि म्हणायचं, “आवार गेलं तर हे बंद होईल. मी निवडून आले तर आवार जाणार नाही. दुसरं काही मला येत नाही, आणि येतं असं सांगणारही नाही.” शाळेतल्या बाई म्हणाल्या, “बरं केलंत.” कंपाउंडरने चष्मा वर करून विचारलं, “गटाराचं काय करणार?” काकू म्हणाल्या, “मला माहीत नाही. ज्याला माहीत आहे त्याला विचारीन.” हे उत्तर त्याने पुढच्या दहा घरांत जाऊन सांगितलं.

बाकसाहेब मात्र हवालदिल होते. तीनशे छत्रीवाले गेले कुठे? मिरवणुकीला जेमतेम चाळीस माणसं, त्यात वीस त्यांच्याच घरची. मास्तरांची माणसं रुसलेली, शिडीची माणसं शिव्या देतायत. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, अशी गत झाली. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना मत मागताना थांबून बोलावं लागलं.

मतमोजणी शाळेच्या सभागृहात झाली. सकाळचा गठ्ठा पुरा केल्याशिवाय काकू तिकडे गेल्याच नाहीत. त्या पोचल्या तेव्हा शेवटची फेरी चालू होती. अधिकाऱ्याने आकडे वाचले. शिडी पाचशे ब्याण्णव. छत्री सहाशे छप्पन्न. बादली सातशे अकरा.

मग मावशीने अशी आरोळी ठोकली की खिडकीतले पारवे उडाले. नऊही जणी काकूंच्या गळ्यात पडल्या, मास्तर रंगाचे हात तसेच वर करून नाचले, आणि कुठल्याच गोष्टीची घाई नसलेला तो बसचालक खुर्च्या ओलांडत सगळ्यांच्या आधी पोचला. काकू मोठ्याने रडल्या. या वेळी त्या पाण्याचा त्यांना राग आला नाही.

पण खरी मजा पुढेच होती. पालिकेत एकवीस जागा. शिडीचे आले दहा, छत्रीचे आले दहा. नगराध्यक्ष कुणाचा, हे आता एका इस्त्रीच्या टेबलावर ठरणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या ठोक्याला शिडीचे शहराध्यक्ष जिन्याखाली वाकून आत आले. हातात कोरा गळपट्टा. “ताई, उपनगराध्यक्षपद तुमचं. हा गळ्यात घाला, एक फोटो होऊन जाऊ दे.”

दोन दिवसांपूर्वीपर्यंत या माणसाला काकूंचं दुकान ठाऊक नव्हतं. काकूंनी गळपट्टा घेतला, टेबलावर पसरला, त्यावर इस्त्री फिरवली, चौकोनी घडी घातली आणि परत दिला.

“गळ्याला उकडतं मला. माझा कागद बघा.” कागद शाळेतल्या बाईंनी लिहून दिला होता. गाड्यांचा ठराव रद्द, आवार कायम धुण्यासाठी राखून ठेवायचं, फुटलेले दोन दगड बदलायचे. “यावर सही हवी.”

“हात्तिच्या! आणा, करतो.”

“तुमची एकट्याची नाही. दहाही जणांची. गठ्ठ्यातला सुटा कपडा माझ्याकडे चालत नाही.”

शहराध्यक्षांनी भिंतीकडे पाहिलं. दुपारी बाराच्या आत कागद दहा सह्यांसह परत आला. एक वाजता छत्रीच्या शहराध्यक्षीणबाई आल्या, त्यांच्याही हातात गळपट्टा. काकूंनी त्यालाही इस्त्री करून दिली. कागदावरच्या शिडीच्या दहा सह्या बघून बाईंचा चेहरा आंबट झाला. सही केली नाही, तर आवार आपण बुडवलं असं उद्या गावभर होणार. संध्याकाळपर्यंत त्यांच्याही दहा सह्या पडल्या.

“मग मत आम्हालाच ना, काकू?”

“मत सभेत देतात,” काकू म्हणाल्या.

सभेत निवडणूक अधिकाऱ्याने नावं पुकारली, आणि मनगटावर त्रिकोणी डाग असलेला तो हात शिडीच्या उमेदवारासाठी वर गेला. अकरा विरुद्ध दहा. छत्रीच्या बाई तिथल्या तिथे उसळल्या. “अहो, मग आमच्या सह्या कशाला घेतल्या?”

“ते आठ वाजता आले, तुम्ही एक वाजता. भिंतीवर लिहिलंय. वाचलं नाहीत का?” काकू शांतपणे म्हणाल्या. “आणि तुमचेही कपडे आमच्याच आवारात धुतले जातात की. सही काय माझ्यासाठी केलीत?”

सभागृहात आधी शिपाई हसला, मग सगळेच. नव्या नगराध्यक्षांनी पहिला ठराव मांडला तेव्हा आवारासाठी एकवीसही हात वर होते. छत्रीच्या बाईंचाही.

शनिवारी शिपाई दोन गणवेश आणि ठरावाची शिक्क्याची प्रत घेऊन आला. प्रत खिशात घडी पडून चुरगळली होती. “हे काय आणलंस असं!” म्हणत काकूंनी त्यावर पातळ कापड टाकलं, इस्त्री मंद केली आणि आयुष्यातला पहिला कागद इस्त्री केला. मास्तरांनी तो चौकटीत बसवून आवाराच्या दारावर ठोकला. नऊ बायकांना तो वाचून दाखवावा लागला, दोनदा. मग मावशीने हौदाची तोटी पूर्ण सोडली, आणि कुणी कुणावर पाणी उडवलं याचा हिशेब राहिला नाही. चिंब भिजलेल्या काकूंना वाटलं, सव्वीस वर्षांत आपण इतक्या हलक्या कधीच नव्हतो.

त्या तशाच ओल्या पदराने दुकानात शिरल्या तर पुढच्या दारात बाकसाहेब उभे होते. हातात स्वतःचा गठ्ठा. आता तो आणून देणारं कुणी राहिलं नव्हतं.

“अभिनंदन, काकू.”

“या. ठेवा फळीवर.”

साहेबांनी गठ्ठा ठेवला, आणि त्यांची नजर शेजारी गेली. तिथे एक भलाथोरला गठ्ठा होता, कोऱ्या कडांचा, व्यवस्थित घडी घातलेला. बाहेर डोकावत होती एक निळी छत्री, खाली दुसरी, तिसरी. साहेबांनी एक ओढून उलटसुलट पाहिला: घामाचा डाग नाही, पिनेचं भोक नाही. चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरत गेला.

“काकू,” त्यांनी घसा खाकरला, “झालं ते झालं. पण आता तरी सांगा. ते गळपट्टे कुणाचे होते?”

काकूंनी इस्त्री हातात घेतली, बोट ओलं करून तिला टेकवलं. चुर्र असा आवाज आला.

“गिऱ्हाइकाचे,” त्या म्हणाल्या. “तुमचा नंबर पाचवा आहे, साहेब. बाहेर बाक आहे, तुमचंच. बसा.”